सालाफाईच्या दोन फायली

सालाफाईला पुरून चार दिवस झाले होते. घराच्या पुढ्यात, विलायती फणसाच्या झाडाखाली तिची माती अजून ओली होती आणि तिच्यावर चटया अंथरल्या होत्या. सिमेंट नंतर पडायचं होतं. तिचा थोरला भाऊ इओपू रोज कामावरून सुटला की बस पकडून तिच्या सासरी यायचा, कबरीपाशी मांडी घालून बसायचा आणि शेवटच्या बसने परत जायचा.

त्या दिवशी सालाफाईची सासू, मालिया, आल्यागेल्याला कोको देत होती आणि देता देता बोलत होती. बाई मनाने वाईट नव्हती. पण जीभ हलल्याशिवाय तिचे हात चालत नसत.

"कष्टाची सवयच नव्हती हो तिला," ती म्हणत होती. "सकाळी दहाला बघावं तर चटईवर आडवी. भर उन्हात स्वेटर घालून. मी म्हणायचे, अगं पोरी, हातपाय हलव, रक्त फिरेल. आमच्या वेळी आम्ही बाळंतपणानंतर महिन्याभरात तारोच्या मळ्यात होतो. ही अकरा वर्षं झोपली. झोपून झोपून गेली बिचारी."

ऐकणाऱ्या बायकांनी माना हलवल्या. बाजूला सालाफाईची मुलगी लुपे तारोचे कंद सोलत बसली होती. अकरा वर्षांची. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली सुरी थांबली. इओपूने ते पाहिलं.

बसपर्यंत ती त्याच्याबरोबर चालत आली. रस्त्याने डुकरं आडवी जात होती, आणि ती त्यांना उगाच खडे मारत होती.

"मामा, तू इस्पितळात आजारांची नावं लिहितोस ना?"

"नावं डॉक्टर लिहितात. मी त्या नावांना नंबर देतो."

"मग आईच्या आजाराचं नाव काय?"

"उलट्या-जुलाब झाले. अंगातलं पाणी गेलं. मग हृदय बंद पडलं."

"उलट्या-जुलाब आमच्या घरात तिघांना झाले. मला पण झाले. मी तिसऱ्या दिवशी खेळायला गेले."

इओपूने बस येते का म्हणून रस्त्याच्या वळणाकडे बघितलं.

"आळस हे आजाराचं नाव आहे का, मामा?"

"नाही."

"तुमच्या जाड पुस्तकात नाही?"

"नाही, पोरी. कुठेच नाही."

"मग जे नाव असेल ते आण. आजी रोज तेच म्हणते, आणि आता शाळेत पण म्हणायला लागलेत."

"रविवारी आणतो," इओपू म्हणाला. बस आली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं त्याला, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

इओपू मिशनच्या इस्पितळात कोडर होता. बावीस वर्षं. इस्पितळ सामोआतल्या उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि रेकॉर्डची खोली त्याच्या अगदी मागच्या अंगाला, धुण्याच्या खोलीला लागून. पेशंट घरी गेला किंवा देवाघरी गेला की त्याची फाईल या खोलीत यायची. डॉक्टरांनी लिहिलेला एकेक आजार वाचायचा, पुस्तकातून त्याचा नंबर काढायचा आणि फाईल बंद करून फळीवर ठेवायची. नंबर राजधानीला, आपियाला जायचे. तिथून पुढे कुठे जायचे ते इओपूने कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरने लिहिलं तेवढंच धरायचं, असा या कामाचा नियम. लॅबच्या कागदावर साखर कितीही खाली दिसो, डॉक्टरच्या अक्षरात ‘साखर कमी’ असं आल्याशिवाय तिला नंबर नाही. आणि घरच्या माणसाची फाईल आली तर ती उघडायची नाही. पालथी करायची आणि शेजारच्या टेबलावर सरकवायची. शेजारच्या टेबलावर तेलेसिया बसायची. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, नवरा वारलेली, तोंडाने फटकळ. त्या खोलीत ही दोघंच.

फाईल पालथी करण्याचा नियम इओपूला शिकवावा लागला नव्हता. सामोआत भाऊ बहिणीच्या देहाविषयी बोलत नाही आणि बहीण भावासमोर त्याचा उच्चार करत नाही. दोघं एका ठिकाणी असताना कुणी चावट बोललं तर दोघांतलं एक उठून जातं. बहिणीचा मान तो भावाचा मान. इस्पितळाचा नियम आणि घराचा नियम एकच निघाला याचा इओपूला मनातून अभिमान होता. सालाफाईचं नाव फाईलवर दिसलं की तो नाव वाचून होण्याआधीच फाईल उलटी करायचा.

त्यात आणखी एक होतं, जे तो कुणाजवळ बोलत नसे. सालाफाईला लग्नाआधी दिवस गेले होते. इओपू तेव्हा चर्चमध्ये नुकताच मानाच्या पुढच्या बाकावर बसायला लागला होता. वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. पुढे लग्न लागलं, त्यानेच घरातल्या जुन्या मऊ चटया, लग्नात माहेरचा मान म्हणून देतात त्या, तिच्या सासरी वाजतगाजत नेल्या, आणि सगळं पूर्वीसारखं झालं, म्हणजे जितकं होऊ शकतं तितकं. चर्चमध्ये ती कुडकुडताना दिसली म्हणून त्याने बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून तिला एक स्वेटर आणून दिला होता. थंडी का वाजते, हे मात्र विचारलं नव्हतं.

गुरुवारी न्यूझीलंडहून लॅबचं पाकीट आलं. सालाफाई गेली त्या दिवशी तरुण डॉक्टर फालानिको कामावर होता. सकाळी तिला आणली आणि सूर्य मावळायच्या आत ती गेली. तेवढ्या वेळात त्याने रक्ताची एक नळी जास्तीची घेतली होती, कारण तिची कातडी फार कोरडी होती आणि आवाज जाड येत होता. ते रक्त विमानाने तिकडे गेलं होतं. उत्तर आलं तेव्हा माणूस मातीखाली होतं.

"इओपू, पाकीट तुझ्या घरचं आहे," तेलेसिया म्हणाली.

"तू लाव फाईलला." त्याने तोंड खिडकीकडे केलं.

तेलेसिया वाचत बसली. वाचताना ती नेहमी काहीतरी पुटपुटायची, डॉक्टरांच्या अक्षराला शिव्या घालायची. आज आवाज येईना. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हे मला एकटीला पेलत नाही."

"मला सांगू नकोस."

"सांगत कुठे आहे. विचारते आहे. तुझ्या बहिणीला मुलं किती?"

"एक. लुपे."

"ती कुठे झाली?"

"इथेच. याच इस्पितळात."

"इथे?" तेलेसियाने चष्मा काढला. "मग या फाईलमध्ये बाळंतपण का नाही? चार वेळा ती इथे ॲडमिट झाली. एकदा चक्कर येऊन पडली, साखर कमी. एकदा रक्तातलं मीठ कमी होऊन असंबद्ध बोलत होती. एकदा नुसता थकवा आणि उदासी. मग हे शेवटचं. चारही मीच कोड केलेत, चार वेगळे नंबर टाकून. बाळंतपणाचा एक कागद नाही. मी समजत होते, मूल आपियाला झालं असेल."

इओपू खिडकीपासून वळला.

"नाव वेगळं आहे," तो म्हणाला. "तेव्हा लग्न नव्हतं. ती फाईल आमच्या बापाच्या नावावर आहे, सालाफाई इओसेफो. ही जी तुझ्याकडे आहे ती नवऱ्याच्या नावावर, सालाफाई पोउवी."

"म्हणजे एका बाईचे दोन नंबर."

"दोन."

"आणि हे तुला ठाऊक होतं."

"लग्न झालं तेव्हा मनात आलं होतं की जोडून टाकाव्यात. पण जोडायच्या म्हणजे दोन्ही उघडाव्या लागल्या असत्या."

"मला सांगायचंस, गाढवा. मी जोडल्या असत्या."

"सांगायचं म्हणजे लग्नाआधीचं मूल आलं. ते माझ्या तोंडून यायला हवं होतं."

तेलेसियाने लॅबचा कागद त्याच्यासमोर ठेवला, सुलटा, आणि वर बोट ठेवलं.

"नियम गेला खड्ड्यात. हे बघ. बहीण म्हणून नको, कागद म्हणून बघ. थायरॉईडचा आकडा खाली. थायरॉईड काम टाकून बसली की डोक्यातली ग्रंथी तिला हाका मारते, आणि हाकेचा आकडा चढतो. इथे हाकेचा आकडाही खाली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं तेच. त्यांचा रस जवळजवळ नाही, आणि वरून हाकही नाही."

"दुय्यम," इओपू म्हणाला. तो शब्द तोंडातून सवयीने निघून गेला.

"दुय्यम. या ग्रंथी आजारी नव्हत्याच. त्यांना कुणी उठवलंच नाही."

आता इओपूला थांबता येईना. त्याचं डोकं पुस्तकाची पानं उलटायला लागलं. दुय्यम लिहिलं की मूळ शोधायचं. मूळ म्हणजे डोक्याच्या आत, वाटाण्याएवढी पिट्युटरी. ती मेली की बाकीच्या ग्रंथी हुकमाची वाट बघत बसून राहतात. ती कशाने मरते याची पुस्तकात यादी आहे, आणि त्या यादीत एक ओळ बायकांची आहे. बाळंतपणात फार रक्त गेलं तर तिच्यापर्यंत रक्त पोचत नाही. बाई उठते, घरी जाते. पण दूध येत नाही, पाळी येत नाही, थंडी वाजते, झोप जात नाही. हा नंबर इओपूने बावीस वर्षांत दोनदा दिला होता. त्या दोन्ही बायका रोजच्या गोळ्या घेऊन अजून त्याला शनिवारी बाजारात भेटायच्या. एक मासे विकायची.

"त्या दिवशी मी रक्त दिलं होतं," तो म्हणाला. "बाळंतपणाच्या. निरोप आला, घरच्यांनी रक्त द्या. मी दिलं."

"आणि?"

"आणि घरी गेलो."

अकरा वर्षांपूर्वीच्या फायली मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत्या. इओपू स्वतः गेला. वाळवीने खालची रांग खाल्ली होती, पण सालाफाई इओसेफो वरच्या रांगेत शाबूत होती. अंगण ओलांडून येताना त्याने ती छातीशी पालथी धरली होती. तेलेसियाच्या टेबलावर त्याने ती ठेवली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"वाच," तो म्हणाला.

"मनात वाचते."

"नको. मोठ्याने वाच."

तेलेसियाने त्याच्याकडे बघितलं, आणि मग तिने तिच्या नेहमीच्या आवाजात नाही, चर्चमध्ये वाचतात तशा आवाजात वाचलं. वार पडल्यावर रक्तस्राव. अंदाजे अडीच लिटर. चाळीस मिनिटं रक्तदाब लागत नव्हता. सहा पिशव्या रक्त. तिसरा दिवस, स्तन मऊ, दूध नाही. पेशंट पुन्हा पुन्हा विचारते, दूध कधी येईल. चौथा दिवस, दूध नाही. पाचवा दिवस, दूध नाही, डब्याचं दूध सुरू केलं. पेशंट रडते.

शेवटी नर्सच्या हातची एक ओळ होती. तेलेसिया तिथे अडखळली.

"वाच," इओपू म्हणाला.

"रक्त देणारे, भाऊ. भेटीला कोणी नाही."

बाहेर धुण्याच्या खोलीतली मशीन चालू होती. इओपूने उभ्या उभ्याच रुमाल काढून तोंड झाकलं. तेलेसियाने त्याला रडू दिलं आणि मधल्या वेळात दोन्ही फायलींची जन्मतारीख, गाव, आईचं नाव ताडून बघितलं आणि दोरीने दोन्ही एकत्र बांधल्या. अकरा वर्षं राहिलेलं ते काम पाच मिनिटांचं होतं.

आता डॉक्टरने लिहायला हवं होतं. त्यासाठी एक विचारणेचा कागद असतो. त्या कागदावर कोडरने डॉक्टरच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं. जे फाईलमध्ये आहे ते मांडायचं आणि विचारायचं, याचा एकमेकांशी संबंध आहे का, असल्यास लिहावा. इओपूला आजाराचं नाव ठसठशीत लिहायचं होतं.

"लिही ना सरळ," तो म्हणाला.

"आणि मग उद्या कुणी म्हणालं, भावाने डॉक्टरकडून लिहून घेतलं? कागद खरा ठेवायचा आहे ना तुला?"

तिने नियमाने लिहिलं. खाली सही तिची.

फालानिको शुक्रवारी दुपारी स्वतःच आला. इतर डॉक्टर विचारणेचा कागद आठवडा आठवडा ठेवून घेत आणि मग त्यावर ‘हो’ एवढंच लिहून पाठवत. हा स्टूल ओढून बसला. आधी न्यूझीलंडचा कागद वाचला, मग जुनी फाईल पहिल्या पानापासून. वाचून झाल्यावर तो काही वेळ तळहाताने गुडघा चोळत राहिला.

"मी तिला विचारलं होतं, बाळंतपणात काही त्रास झाला होता का," तो म्हणाला. "ती सासूकडे बघून नाही म्हणाली. मी कॉम्प्युटरवर बघितलं, काहीच नव्हतं. हे मला त्या सकाळी दिसलं असतं तर एक इंजेक्शन द्यायचं होतं. कपाटात होतं ते. माझ्यापासून दहा पावलांवर."

फायलींना बांधलेल्या दोरीवरून त्याने बोट फिरवलं.

"या दोन नंबरांचं कोणाला माहीत होतं?"

तेलेसिया काहीतरी म्हणणार होती. इओपू आधी बोलला. "मला, डॉक्टर."

फालानिकोने मान वर केली. तो इओपूच्या थोरल्या मुलाच्या वयाचा होता आणि वडीलधाऱ्याला काय म्हणावं हे त्याला कळेना. त्याने पेन उघडलं आणि लिहायला घेतलं. शीहान सिंड्रोम. बाळंतपणातल्या रक्तस्रावामुळे पिट्युटरी निकामी. त्यामुळे थायरॉईडची दुय्यम कमतरता, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींची दुय्यम कमतरता. जुलाबाचं निमित्त होऊन शरीर कोसळलं. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलावं. तारीख, सही. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "इतकी वर्षं ती चालती-फिरती कशी राहिली, तेच मला समजत नाही. दुसरं कुणी उठून पाणी प्यायलं नसतं."

नंबर तेलेसियाने दिले. मृत्यूच्या कागदावर मूळ कारण सगळ्यात आधी जातं. तिने पुस्तक उघडलं, ओळ शोधली आणि बोट तसंच ठेवून थांबली.

"काय झालं?" इओपूने विचारलं.

"मूळ तर बाळंतपण आहे. पहिला नंबर तोच जाईल. बाळंतपणाच्या मागे राहिलेल्या दुखण्याने मृत्यू." ती हळू बोलत होती. "आणि तुझ्या बहिणीचं बाळंतपण एकच."

इओपू खाली बसला. नाव मिळालं होतं, आणि त्या नावात लुपेच होती. आईला आळशी म्हणतात म्हणून पोरीने नाव मागितलं होतं. हे नाव नेलं की आळस पुसला जाणार आणि त्या जागी पोरीचा जन्म येऊन बसणार.

"पोरीला एवढंच सांग, ग्रंथीचा आजार होता," तेलेसिया म्हणाली. "आत खोल डोक्यात. कोणाला दिसला नाही. यात खोटं एक अक्षर नाही."

"मूळ सोडून?"

"अकरा वर्षांची आहे ती, इओपू. तिला कोडिंग शिकवायचं नाहीये आपल्याला."

"मोठी होईल. एक दिवस येऊन फाईल मागेल. तिचा हक्क आहे."

"तेव्हाचं तेव्हा."

तेलेसियाने नंबर टाकला, पहिला पहिल्या जागी, आणि फाईल बंद केली.

रविवारी चर्च सुटल्यावर तो पांढऱ्या कपड्यांतच सालाफाईच्या सासरी गेला. उमूची भट्टी उघडली होती, तापलेल्या दगडांवरून तारो आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पानं काढली होती. पाहुणा म्हणून त्याचं ताट आधी वाढलं. लुपे रिवाजाप्रमाणे समोर मांडी घालून पंख्याने त्याच्या ताटावरच्या माश्या वारायला बसली. सालाफाईचा नवरा ताविता खांबाला पाठ लावून बसला होता, मालिया त्याच्या शेजारी. घराला भिंती नाहीत, समोर कबर दिसत होती.

इओपूने ताटाला हात लावला नाही.

"मावशी," तो मालियाला म्हणाला, "इस्पितळाने कागद बदलला. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं. डोक्यात एक ग्रंथी असते, सालाफाईची ती मेली होती. ती अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते. ती मेल्यावर अंगात ऊब राहत नाही, ताकद राहत नाही, झोप येते. तिला थंडी वाजायची ती खरी होती. ती झोपायची ते तिच्या हातात नव्हतं."

"मग आळशी नव्हती?" मालियाने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, दुसरं कुणी उठून पाणी प्यायलं नसतं. ती तुमच्याकडे स्वयंपाक करत होती."

नेसूच्या टोकाने डोळे दाबून मालिया स्वतःशीच म्हणाली, "मी तिला काय काय बोलले रे देवा." ताविताने मान दुसरीकडे वळवली.

लुपेचा पंखा चालू होता. "ती ग्रंथी कशाने मेली, मामा?"

तेलेसियाचं वाक्य इओपूच्या जिभेवर तयार होतं. तो पोरीकडे बघत राहिला. कपाळ सालाफाईचं, भुवया सालाफाईच्या, लहानपणी होत्या तशा दाट. पुढचे शब्द त्याने जन्मात बायकांसमोर उच्चारले नव्हते, आणि इथे तर बहिणीचं सासर बसलेलं.

"बाळंतपणात रक्त गेलं," तो म्हणाला. "फार गेलं."

"माझ्या?"

"हो."

पंखा थांबला.

"ऐक," इओपू म्हणाला, "अजून संपलं नाही. रक्त गेलं तरी ती जगली. अकरा वर्षं जगली. या आजाराला गोळ्या आहेत. आपल्या बाजारात मासे विकणारी ती जाडी बाई आहे ना, तिला हाच आजार आहे, ती गोळ्या घेते आणि गाढवासारखं काम करते. तुझी आईसुद्धा जगली असती. डॉक्टरांना कळलं नाही, कारण तिचे कागद दोन नावांवर होते. एकात रक्त गेल्याचं लिहिलं होतं आणि दुसऱ्यात थकवा. दोन्ही एकाच बाईचे, हे त्या इस्पितळात एकाच माणसाला ठाऊक होतं."

"कोणाला?"

"मला. ते कागद माझ्या टेबलावर येत होते आणि मी ते पालथे घालत होतो. म्हणून ती गेली, लुपे. तू जन्मलीस म्हणून नाही गेली. मी वाचलं नाही म्हणून गेली."

ताविता म्हणाला, "दादा, असं नका बोलू." पण ते त्याने रीत म्हणून म्हटलं.

लुपे विचार करत होती. रडली असती तर इओपूला सोपं गेलं असतं.

"आईला हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"तू तिचे कागद वाचत नाहीस ते."

हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. गुरुवारपासून तो सगळ्या बाजूंनी स्वतःला बोल लावत होता, आणि ही बाजू राहून गेली होती.

"ती म्हणायची," लुपे म्हणाली, "माझा दादा तिथे बसलाय. माझे सगळे कागद त्याच्या हाताखालून जातात. मला त्याला तोंडाने सांगता येत नाही, पण कागदावर सगळं लिहिलेलं असतं, आणि तो वाचतो. काही वाईट असतं तर त्याने मला असं घरी जाऊ दिलं नसतं. मागच्या वेळी बाबा म्हणाले, आपियाच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. तेव्हा पण ती हेच म्हणाली. म्हणून आम्ही गेलो नाही."

इओपूने ताविताकडे पाहिलं. ताविता चटईचा एक धागा उसवत होता. त्याने मान डोलावली.

"नाही," इओपू शेवटी म्हणाला. "तिला माहीत नव्हतं."

"बरं," लुपे म्हणाली.

ताटावर माश्या बसल्या होत्या. पाहुण्याचं जेवण होईपर्यंत उठायचं नसतं, हे तिला आईने शिकवलं होतं. तिने पंखा उचलला आणि पुन्हा वारा घालायला लागली, त्याच्याकडे न बघता. इओपूच्याने घास उचलवेना आणि उठवेना. कोणी त्याला जेव म्हणालं नाही. तारो थंड झाला, नारळाच्या दुधावर साय धरली, आणि पोरगी वारा घालतच राहिली.